लेझँ, स्वित्झर्लंड

लेझँ हे स्वित्झर्लंडच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं, वो कँटनमधलं (कँटन म्हणजे तिथलं राज्य), समुद्रसपाटीपासून साधारण १२६३ मीटरवरचं गाव. स्पेलिंग बघून बरेच जण लेसिन म्हणतात, पण तिथे शेवटचा उच्चार नाकातच राहतो. आपल्या किल्ल्यांना जशी माची असते तशी रोन नदीच्या खोऱ्यावर डोंगराला एक रुंद माची आहे आणि तिच्यावर हे गाव बसलंय, तोंड दक्षिणेला, पाठीशी तूर-दाई आणि बेर्नोझचे डोंगर, त्यामुळे उत्तरेचा वारा अडतो, आणि हिवाळ्यात खालचं खोरं दिवस दिवस धुक्यात बुडालेलं असतं तेव्हा वर लख्ख ऊन पडलेलं असतं. रेल्वे, हॉस्पिटलं, शाळा, स्कीइंग, गावाचं जे काही झालं ते सगळं या उन्हामुळे झालं, आणि हे डोक्यात ठेवून गाव पाहिलं की तिथली प्रत्येक इमारत कळायला लागते.

इथली माणसं जास्त जगतात ही गोष्ट अठराव्या शतकातच नोंदवली गेली होती. म्युरे नावाच्या एका स्विस पाद्र्याने चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्यांवरून आकडे काढले होते, तेच पुढे लोकसंख्येवर लिहिणाऱ्या माल्थसने १८०३ मध्ये वापरले. ४०० माणसांचं गाव, वर्षाला जेमतेम ८ जन्म, आणि जन्मलेल्यांपैकी निम्मी माणसं ६१ वर्षांपर्यंत जगायची, जे त्या काळाच्या मानाने फारच मोठं वय होतं. तेव्हा इथे गायी, कुरणं आणि लाकडी घरं एवढंच होतं. ती जुनी काळपट लाकडी घरं खालच्या वस्तीत अजून बघायला मिळतात.

मग १८९२ मध्ये वरच्या अंगाला ग्रँड हॉटेल उघडलं आणि १९०० मध्ये खालच्या एग्ल गावातून दातेरी रुळांची रेल्वे आली. १९०३ मध्ये आले डॉक्टर ओग्युस्त रोलिए, आणि लेझँचं नाव जगभर झालं ते त्यांच्यामुळे. रोलिए आधी बर्नला कोखर या नामांकित सर्जनचे असिस्टंट होते. हाडांच्या आणि सांध्यांच्या टीबीवर तेव्हा ऑपरेशन हाच उपाय मानला जायचा, कित्येकदा पेशंट, त्यातही लहान मुलं, कायमची अधू व्हायची, आणि ते बघून रोलिएंचा त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्यांनी इथे सूर्यस्नानाचे उपचार सुरू केले आणि ते फार शिस्तीचे होते. पेशंटला एकदम उन्हात झोपवायचं नाही. पहिल्या दिवशी फक्त पावलं, तीही पाच पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी पावलांना थोडं जास्त आणि पोटऱ्यांना पाच मिनिटं, असं करत करत काही दिवसांनी सगळं अंग उघडं करायचं, डोकं मात्र झाकलेलं. उंचावर हवा विरळ म्हणून अतिनील किरण जास्त मिळतात, बर्फावरून ते परतही येतात, आणि थंडी असूनही बाल्कनीत उघड्या अंगाने पडून राहता येतं. महिनोन् महिने, कधी वर्षं वर्षं लोक असे पलंगावर राहायचे, त्यामुळे पडल्या पडल्या हाताला काम देणं हाही उपचाराचाच भाग होता. लंगोटीवर स्की करणाऱ्या मुलांचे त्या काळातले फोटो बघितले तर पहिल्यांदा अंगावर काटा येतो, पण चेहरे बघा, मुलं हसतायत. आज आपल्याला ड जीवनसत्त्व आणि रोगप्रतिकारशक्ती यांचा संबंध माहिती आहे, म्हणजे रोलिए अगदीच अंधारात चाचपडत नव्हते, तरी फुफ्फुसाच्या टीबीचे असंख्य पेशंट इथे येऊनही वाचले नाहीत हेही तितकंच खरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन आणि पाठोपाठची औषधं आली आणि थोड्याच वर्षांत पलंग रिकामे झाले. जगासाठी ही आनंदाची बातमी, गावाच्या पोटावर मात्र पाय. लेझँने मग पेशंटांच्या त्याच इमारती हॉटेलांना आणि निवासी शाळांना दिल्या, जुन्या ग्रँड हॉटेलात आता लेझँ अमेरिकन स्कूल आहे. टीबीच्या सॅनेटोरियममुळे आणि बोर्डिंग स्कूलांमुळे ओळखलं जाणारं पाचगणी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे गाव पटकन ओळखीचं वाटेल.

गिर्यारोहणाच्या इतिहासातही हे गाव ठळक आहे. जॉन हार्लिन या अमेरिकन गिर्यारोहकाने १९६०च्या दशकात इथे गिर्यारोहणाची आंतरराष्ट्रीय शाळा काढली. मार्च १९६६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच आयगर शिखराच्या उत्तर भिंतीवर सरळ वाट काढताना दोर तुटून तो गेला. त्याच मोहिमेत माथा गाठलेला स्कॉटलंडचा डूगल हॅस्टन पुढे ती शाळा चालवायला लागला. अन्नपूर्णेची दक्षिण भिंत १९७०, एव्हरेस्टची नैर्ऋत्य भिंत १९७५, हे त्याचे पराक्रम, आणि जानेवारी १९७७ मध्ये लेझँच्याच वरच्या उतारावर एकटा स्की करताना हिमस्खलनात सापडून तो गेला. म्हणून हिवाळ्यात इथे आखलेली वाट सोडून जायचं नाही, उतार कितीही सोपा दिसला तरी.

जायला लोझान शहरातून मेन लाइनने एग्ल, तिथून ती दातेरी रेल्वे. ती आधी एग्लच्या रस्त्यांमधून ट्रामसारखी जाते, डेपोपाशी दिशा बदलते आणि मग द्राक्षाच्या मळ्यांतून सरळ चढायला लागते, साधारण अर्ध्या तासात वर. फेदे स्टेशनला उतरावं, कारण सॅनेटोरियमची वस्ती तिथलीच. इमारतींच्या दक्षिणेकडच्या लांबलचक बाल्कन्या बघाव्यात, त्यांची रुंदी बघावी, चाकांचा पलंग बाहेर ढकलता यावा म्हणून ती तेवढी आहे.

गावातून केबल कार बेर्नोझला, २००० मीटरच्या वर जाते. तिथल्या काचेच्या रेस्टॉरंटचा मजला हळूहळू फिरतो आणि बसल्या जागी दाँ द्यु मिदीची दातेरी रांग, माँ ब्लाँ आणि जिनिव्हाचं सरोवर असं सगळं डोळ्यांसमोरून जातं. खरं तर तिथून दाई तळ्याकडे उतरत चालत येणं जास्त छान. ज्यांना उंचीची भीती नाही त्यांच्यासाठी तूर-दाईच्या कड्यावर लोखंडी पायऱ्या आणि केबलची व्हिया फेराटा आहे, पण हार्नेस आणि हेल्मेट लागतंच. हिवाळ्यात स्की, आणि मुलांसाठी हवा भरलेल्या चकतीवर बसून बर्फाच्या नळीतून घसरायचं पार्क. २०२० च्या युवा ऑलिंपिकमधल्या स्नोबोर्ड आणि फ्रीस्टाइल स्कीच्या बऱ्याचशा स्पर्धा याच गावात झाल्या. उन्हाळ्यात गायी वरच्या कुरणांवर असतात, आणि या पट्ट्यात लेतिव्हा नावाचं चीज १० मे ते १० ऑक्टोबर एवढ्याच काळात, तांब्याच्या कढईत, लाकडाच्या चुलीवर बनवतात, ते नक्की खावं. नोव्हेंबरच्या आसपास, म्हणजे दोन सीझनच्या मधे जाणार असाल तर केबल कार चालू आहे का ते आधी बघून घ्यावं.