लष्करी बीएसए ते लेथवरचा बुश : सातारा-सांगलीतल्या जुन्या विलायती गाड्या

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याने एम२० ही ४९६ सीसीची मोटरसायकल सव्वा लाखाच्या आसपास बनवली. नॉर्टन या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची १६एचही जवळपास लाखभर निघाली. फौजांबरोबर त्या जगभर गेल्या आणि युद्ध संपल्यावर लष्कराचा शिलकी माल म्हणून विकल्या गेल्या. साताऱ्यात किंवा सांगलीत कुणाच्या दारात जुनी बीएसए उभी असेल, तर तिचा माग काढताना आधी इकडे पाहावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली. आधी इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एन्फिल्ड कारखान्यातून आलेले भाग जोडून आणि पुढे इथेच घडवून बुलेट बनू लागली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७०च्या दशकात बीएसएही बुडाली. बुलेटला सुटे भाग मिळत राहिले. बाकीच्या विलायती गाड्या पोरक्या झाल्या. पुढे साताऱ्यातच प्रिया स्कूटर बनू लागली, तेव्हा या जड, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांकडे कोण बघणार?

तरीही काही टिकल्या, आणि माझ्या मते त्याचं श्रेय इथल्या कारागिरांचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर घडवले. सातारा रोड या गावी धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि डिझेल इंजिनं निघाली. विहिरीवरचं एका सिलिंडरचं, जड फ्लायव्हीलचं इंजिन खोलणाऱ्या फिटरला एम२०चं इंजिन परकं वाटत नाही. बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी, लेथवर काढता येतो, सिलिंडर बोअर करून पिस्टन बसवता येतो.

खरी परीक्षा मॅग्नेटोची. बॅटरीशिवाय ठिणगी देणारं हे यंत्र आतल्या गुंडाळीवर चालतं. तिच्यावरचं जुनं लाखेचं रोगण उष्णतेने आणि दमटपणाने मऊ पडतं. मग गाडी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते आणि तापली की बंद पडते. नवखा मेकॅनिक कार्बोरेटर साफ करत बसतो. गुंडाळी नव्याने भरायची तर केसासारखी बारीक तार हजारो वेढे घ्यावी लागते. उसाच्या पट्ट्यात शेतीपंपाच्या मोटारी भरणारे पुष्कळ, पण या कामाला त्यांच्यातलाही सरावलेला हात लागतो.

नटबोल्टचंही तसंच. व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. जवळपासचा मेट्रिक बोल्ट जोर लावून बसवला की क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाच्या, ॲल्युमिनियममधले आटे गेलेच. बोल्ट मिळत नसेल तर लेथवर करून घ्यावा, पण मेट्रिक घुसवू नये.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी व्हीए अक्षरांची वेगळी नंबर मालिका आणली. चासी आणि इंजिन मूळचं हवं, ही त्यातली अट मला फार मोलाची वाटते. लष्करी एम२०ला चकचकीत क्रोम चढवलेलं पाहून म्हणूनच वाईट वाटतं. कारखान्यातून ती मळकट लष्करी रंगातच निघाली होती. गाडी घेताना आधी फ्रेम आणि क्रँककेसवरचे ठोकलेले नंबर पाहावेत, रंगाचं नंतर.