फुटबॉलच्या मैदानावरील शिव्या आणि प्रेक्षकांतील मुले : पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये लहान मुलाला पहिल्यांदाच फुटबॉलचा सामना पाहायला नेणारे आईवडील तिकीट काढण्यापूर्वी जाणत्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात : तिथे शिव्या कितपत ऐकू येतात? हा प्रश्न आजच्या पालकांच्या हळवेपणातून आला आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मैदानावर शिव्या पहिल्यापासून होत्या आणि मुलेही पहिल्यापासूनच होती. बदलत गेली ती शिवी देण्याची रीत, आणि गर्दीत मुलाच्या शेजारी कोण उभे असे ही गोष्ट.

१८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवणे बंधनकारक केले आणि कामगारांच्या हाती पहिल्यांदाच मोकळी दुपार आली. शनिवारी तीन वाजता सामना सुरू करण्याची इंग्लंडमधली प्रथा या सुट्टीतून रुजली. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा प्रेक्षकांत मोठा भरणा गिरणी, गोदी आणि खाणीतल्या पुरुषांचा होता, आणि कामाच्या जागी चालणारी भाषा त्यांच्याबरोबर मैदानावर आली. प्रेस्टनसारख्या क्लबांनी १८८० च्या दशकात स्त्रियांना मोफत प्रवेश दिला, त्यामागे बायकामाणसे आसपास असली की पुरुष तोंड सांभाळतील हीही अपेक्षा असावी. १८८५ मध्ये एका सामन्याला सुमारे दोन हजार स्त्रिया आल्या तेव्हा प्रेस्टनने ही सवलत गुंडाळली. गर्दी नुसत्या शिव्यांवर थांबत नसे, हेही खरे. वूलिच आर्सेनलच्या प्रेक्षकांनी १८९५ मध्ये पंचावर हात टाकला आणि त्या क्लबचे मैदान काही आठवडे बंद ठेवण्याची शिक्षा झाली.

या गर्दीत मुले होती, आणि बऱ्याच संख्येने होती. पायऱ्यापायऱ्यांच्या ज्या उतारावर प्रेक्षक दाटीवाटीने उभे राहत त्याला तिथे ‘टेरेस’ म्हणतात. तिथे मागे उभ्या असलेल्या मुलाला समोरच्या कोटांखेरीज काही दिसत नसे. मग कुणीतरी त्याला काखेत धरून वर उचली आणि ते पोर माणसांच्या डोक्यांवरून, हातोहात, थेट पुढच्या कठड्यापर्यंत पोचवले जाई. काही वडील मुलाला उभे करण्यासाठी घरून लाकडी खोके किंवा तिवई आणत. तिकिटाचे पैसे नसलेली मुले बाहेर ताटकळत आणि सामना संपायला थोडा वेळ उरला असताना, लोकांना बाहेर पडता यावे म्हणून फाटके उघडली की आत घुसत. अशा मुलांनी शिव्या ऐकल्याच नसतील असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तरी त्या शिव्या बहुधा एकट्यादुकट्याच्या असत आणि ‘पोर आहे इथे’ एवढे म्हटले की ओशाळणारा माणूस सापडत असे, कारण शेजारचा प्रेक्षक त्याच गल्लीतला किंवा त्याच खात्यातला असण्याची शक्यता मोठी होती.

मुलांना वेगळे ठेवण्याचा प्रयोगही नवा नाही. लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर ‘कॉप’ नावाच्या प्रसिद्ध टेरेसच्या कोपऱ्यात मुलांसाठी जाळीबंद कप्पा होता, त्याला ‘बॉइज पेन’ म्हणत. पेन म्हणजे गुरे-मेंढरे कोंडण्याचा वाडा, आणि नाव नेमके होते. तिथे लहानांवर दांडगटांची सत्ता चाले, आणि पुष्कळ मुलांचे अर्धे लक्ष सामन्यावर, तर अर्धे जाळी चढून मोठ्यांच्या कॉपमध्ये कसे उतरता येईल याकडे असे. मोठ्यांपासून दूर ठेवले की मुलांची भाषा स्वच्छ राहते, या समजुतीला त्या वाड्याने फारसा आधार दिला नाही.

खरा फरक १९६० च्या दशकात पडला. हाती स्वतःचे पैसे असलेले तरुण वडिलांशिवाय, टोळक्याने येऊ लागले, गोलच्या मागची जागा त्यांनी आपली मानली आणि स्वस्त रेल्वेने परगावच्या सामन्यांनाही ते जाऊ लागले. लोकप्रिय गाण्यांच्या चालींवर आपले शब्द बसवून हजारोंनी एकसुरात गायची पद्धत याच काळात पक्की झाली. त्यातली काही गाणी खरोखर विनोदी आणि हजरजबाबी होती, हे मान्य केले पाहिजे, पण याच मुशीतून शिवीही समूहाची झाली. पंचाच्या एकांतातल्या सवयींची टर उडवणारे एक सुप्रसिद्ध चरण कुणा एकाचे राहिले नाही, आणि त्यामुळे ओशाळायलाही कुणी उरले नाही. विसंगती अशी की ब्रिटिश दूरचित्रवाणीने मुलांना न शोभणारे कार्यक्रम रात्री नऊनंतर दाखवण्याचा नियम याच दशकात स्वीकारला. घरात नऊपर्यंत जो शब्द वर्ज्य होता, तो शनिवारी दुपारी तीन वाजता वीस-तीस हजार लोक तालासुरात म्हणत होते. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबचे प्रशिक्षक ब्रायन क्लफ यांनी तर मैदानावर पाटीच लावली होती. ‘सद्गृहस्थहो, कृपया शिव्या नकोत’ अशा आशयाची ती विनंती होती आणि खाली सही फक्त ‘ब्रायन’ एवढीच. प्रेक्षकांना दटावण्याऐवजी सद्गृहस्थ म्हणणे, ही त्या माणसाची खासियत.

१९८० च्या दशकापर्यंत पालकांची भीती शिव्यांपुरती उरली नव्हती. हाणामाऱ्यांमुळे कुटुंबे मैदानाकडे फिरकेनाशी झाली होती. याच दशकात वॉटफर्डसारख्या क्लबांनी कुटुंबांसाठी राखीव विभाग सुरू केले, तर ल्यूटन टाउनने १९८५ च्या दंगलीनंतर काही हंगाम पाहुण्या संघाच्या समर्थकांना प्रवेशच बंद केला. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरातील हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ जणांचा बळी गेला. त्यांतला सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या लॉर्ड टेलर यांच्या १९९० च्या अंतिम अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर उभे राहण्याची जागा काढून सर्वत्र खुर्च्या बसवण्यात आल्या. हे सुरक्षिततेसाठी होते आणि त्याची गरज वादातीत होती, पण शिव्यांच्या बाबतीत त्याचा एक परिणाम क्वचितच बोलला जातो. टेरेसवर शेजारचा माणूस तोंडाळ निघाला तर मुलाचा हात धरून चार पायऱ्या बाजूला सरकता येत असे. आता खुर्चीला क्रमांक आला, आणि हंगामभराचे तिकीट असेल तर तोच शेजारी पुढच्या मे महिन्यापर्यंत नशिबी आला.

कायद्याने या विषयात हात घातला तो १९९१ मध्ये. त्या वर्षीच्या फुटबॉल गुन्हेविषयक कायद्याने सामन्यात अश्लील किंवा वंशद्वेषी घोषणा देणे हा गुन्हा ठरवला. मूळ व्याख्येप्रमाणे मात्र घोषणा म्हणजे निदान दोघांनी मिळून पुनःपुन्हा उच्चारलेले शब्द, त्यामुळे एकटाच ओरडणारा माणूस या कलमातून सुटत असे. ही फट बुजवायला १९९९ ची दुरुस्ती यावी लागली. स्कॉटलंडने २०१२ मध्ये मैदानावरील आक्षेपार्ह वर्तनाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि बरीच टीका झाल्यावर २०१८ मध्ये तो रद्दही केला. इंग्लंडमध्ये सरकारी अभियोग विभागाने २०२२ मध्ये चेल्सी क्लबविरुद्ध दिली जाणारी एक जुनी घोषणा समलिंगी व्यक्तींविषयी द्वेष पसरवणारी मानली. कायद्याचा रोख अशा रीतीने अश्लीलतेकडून द्वेषाकडे सरकत गेला. चुकलेल्या पासवर निघणाऱ्या नेहमीच्या शिवीपायी सहसा कुणी न्यायालयापर्यंत जात नाही. ती क्लबच्या मैदान-नियमांत बसते आणि निस्तरावी लागते स्टुअर्डला, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला. अनेक क्लबांनी यासाठी एक क्रमांक ठेवला आहे. शेजाऱ्याशी भांडण न काढता, खुर्चीवर बसूनच, त्यावर संदेश धाडता येतो.

खेळाडूंना मात्र वेगळी मोजपट्टी लागते. मँचेस्टर युनायटेडच्या वेन रूनीने एप्रिल २०११ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध तिसरा गोल केल्यावर कॅमेऱ्यात पाहून शिवी हासडली, तेव्हा इंग्लंडमधल्या फुटबॉलचे नियमन करणाऱ्या फुटबॉल असोसिएशनने त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली. त्या वेळी आजूबाजूचे हजारो लोक काय बोलत होते, हा प्रश्न वेगळा. २०२० च्या जूनमध्ये रिकाम्या मैदानांवर सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा गर्दीच्या आवाजाखाली एरवी दडून राहणारे खेळाडूंचे आणि प्रशिक्षकांचे बोलणे घरोघरी ऐकू आले, आणि समालोचकांवर दिलगिरी व्यक्त करण्याची पाळी आली. प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित गर्दीचा आवाज मिसळण्यात आला, तो मुख्यतः सुनेपणा झाकण्यासाठी, पण त्याने शिव्याही आपसूक झाकल्या गेल्या.

मुलांनाच गर्दी सुधारण्याचे साधन करावे, ही कल्पना इंग्लंडबाहेर सर्वांत धीटपणे राबवली गेली. प्रेक्षकांच्या गैरवर्तनामुळे फेनरबाचे क्लबला रिकाम्या मैदानावर खेळण्याची शिक्षा झाली होती. तुर्की फुटबॉल महासंघाने ती बदलून केवळ स्त्रिया आणि १२ वर्षांखालील मुलांना मोफत प्रवेश दिला, आणि २० सप्टेंबर २०११ रोजी मनिसास्पोरविरुद्धच्या सामन्याला ४१ हजारांवर प्रेक्षक आले. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या नियमांतही अशी वाट आहे : प्रेक्षकांवर बंदी असलेल्या मैदानावर १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना, दर दहा मुलांमागे एक प्रौढ या प्रमाणात, बसवता येते. याच सवलतीखाली सप्टेंबर २०२१ मध्ये प्राग येथे स्पार्टा क्लबच्या मैदानावर सुमारे दहा हजार शाळकरी मुले बसली, आणि स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबमधील ग्लेन कमारा या कृष्णवर्णीय खेळाडूकडे चेंडू गेला की हुर्यो उडवली गेली. पुढच्या वर्षी ४ जून रोजी बुडापेस्टला हंगेरी-इंग्लंड सामन्यात, वंशद्वेषी वर्तनाच्या शिक्षेमुळेच मोठ्यांना बंद असलेल्या मैदानावर, ३० हजारांहून अधिक प्रेक्षक होते आणि त्यांत बहुतेक मुले होती. इंग्लंडचे खेळाडू वंशद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकून बसले तेव्हा याही मैदानावर हुर्यो उठली. या वेळी ती कोवळ्या, अजून न फुटलेल्या आवाजांत होती.