निर्वासित चालतो, मग आश्रयार्थी का खुपतो?

नाशिकच्या तिबेटी मार्केटमध्ये घासाघीस करून जॅकेट घेणाऱ्याच्या मनात समोरचा तिबेटी विक्रेता परका आहे, असं येतही नाही. हाच माणूस बांधकामाच्या साइटवर बांगलादेशी पकडल्याची बातमी वाचली की ‘हाकला सगळ्यांना’ म्हणतो. या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस असतो. आपल्या जिवाला धोका आहे असं तो सांगतो, पण ते खरं की खोटं याचा निकाल अजून लागलेला नसतो. तो आश्रयार्थी. निर्वासित आणि आश्रयार्थी यांना आपण एकाच गाठोड्यात बांधतो, आणि मग आपल्या मताचाच आपल्याला पत्ता लागत नाही.

निर्वासित कोण, हे 1951 च्या जिनिव्हा कराराने ठरवलं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे तरी छळ होईल, अशी साधार भीती असल्याने जो स्वतःच्या देशाबाहेर आहे आणि परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित. आश्रयार्थीही हेच म्हणत असतो, फक्त त्याची सुनावणी बाकी असते. ‘युद्धातून पळाला तो निर्वासित आणि पोटासाठी आला तो आश्रयार्थी’ ही समजूत मी सुशिक्षित लोकांकडूनही ऐकली आहे. पोटासाठी येणारा स्थलांतरित, तो वेगळाच.

यातली खरी गोम वारसनोंदीसारखी आहे. वडील वारले त्या दिवशीच मुलगा वारस होतो. फेरफार मंजूर झाल्यावर ते फक्त कागदावर येतं, आणि तलाठ्याकडे काम रखडलं म्हणून त्याचं वारसपण थांबत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाची भूमिका अशीच आहे: मान्यता मिळाली म्हणून कुणी निर्वासित होत नाही, तो मुळात निर्वासित असतो म्हणून मान्यता मिळते. भलताच माणूस वारस म्हणून उभा राहू शकतो, तसा खोटा दावाही होऊ शकतो. म्हणून चौकशी हवीच. पण चौकशी पुरी होईपर्यंत त्याला छळाच्या दारात परत ढकलायचं नाही, हा करारातल्या 33 व्या कलमाचा गाभा.

2024 च्या अखेरीस जगात सुमारे 4 कोटी 27 लाख निर्वासित होते आणि निकालाची वाट पाहणारे आश्रयार्थी सुमारे 84 लाख. म्हणजे आश्रयार्थी संख्येने कितीतरी कमी. तरी श्रीमंत देशांतला बहुतेक आरडाओरडा त्यांच्यावरूनच होतो.

इप्सॉस ही संस्था दरवर्षी अनेक देशांत याविषयी लोकांचं मत विचारते. युद्ध किंवा छळातून सुटण्यासाठी माणसाला दुसऱ्या देशात, आपल्याही देशात, आसरा घेता यावा, या तत्त्वाला 2022 मध्ये 78 टक्के लोकांनी होकार दिला. ते युक्रेनचं वर्ष होतं. 2025 मध्ये हा आकडा 67 वर आला, तरी बहुमतच. पण त्याच 2025 च्या पाहणीत साठ टक्क्यांच्या वर लोक असंही म्हणाले, की निर्वासित म्हणून आमच्याकडे येऊ पाहणारे बहुतेक जण खरे निर्वासित नसतातच. दोन्हींची बेरीज शंभराच्या बरीच वर जाते. म्हणजे निदान पाव लोकांनी दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं. मला यात ढोंग दिसत नाही. पहिलं उत्तर निर्वासिताविषयी आहे, दुसरं आश्रयार्थीविषयी.

2016 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात युरोपातल्या 15 देशांतल्या 18,000 लोकांपुढे काल्पनिक आश्रयार्थी ठेवले होते. ज्याच्या सांगण्यात विसंगती नाही, ज्याने जास्त सोसलंय आणि जो काम करून देशाला हातभार लावेल, त्याला पसंती मिळाली. इथवर ठीक. पण मुसलमानापेक्षा ख्रिश्चन बरा, हेही त्यात स्पष्ट दिसलं. छळाची भीती खरी की खोटी, याच्याशी धर्माचा किंवा कसबाचा काय संबंध? युक्रेनच्या वेळी तर युरोपीय संघाने हा प्रश्नच बाजूला सारला. 2001 चा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम मार्च 2022 मध्ये प्रथमच लागू केला, आणि युक्रेनचे लोक एकेकट्याची सुनावणी न होता आत आले. आश्रयार्थी हा टप्पाच त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि माझ्या मते त्यांचं स्वागत सोपं झालं त्याचं हेही एक कारण.

‘नाशिकने नेहमीच लोकांना सामावून घेतलं’ हे आपलं आवडतं वाक्य. एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनचा आफ्रिकन आश्रम होता. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांची गलबतं पकडली, की सुटलेल्या मुलांपैकी काही इथे येत आणि हातचं कसब शिकत. इथेच शिकलेला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेत फिरलेला प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला. फाळणीनंतर देवळाली कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. दोन्ही गोष्टी अभिमानाच्याच आहेत. पण शरणपूरच्या मुलांना सरकारी यंत्रणेनेच आणलं होतं, आणि फाळणीतून आलेल्यांना राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने नागरिक मानलं. 19 जुलै 1948 ला किंवा त्यानंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली, एवढंच. ‘तुझा छळ होतोय हे सिद्ध कर’ असं दोघांनाही कुणी म्हटलं नाही. त्यामुळे आश्रयार्थीशी आपण कसे वागू, याचा दाखला म्हणून हा इतिहास पुढे करता येत नाही.

भारताने 1951 च्या करारावर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतले तमिळ यांचं सरकार बघतं. अफगाण, म्यानमारचे वगैरे दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत अर्ज करतात. तिथून मिळालेलं ओळखपत्र सरकारवर बंधनकारक नाही. रोहिंग्यांकडे ते असूनही सरकार त्यांना बेकायदा स्थलांतरितच म्हणतं. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन देश आणि सहा धर्म ठरवून दिले, तिथेही माणसाची वैयक्तिक कहाणी हा निकष नाही. निकालाची व्यवस्थाच नाही, तेव्हा आपल्याकडे आश्रयार्थी हा टप्पा कायद्याच्या दृष्टीने जवळपास अस्तित्वातच नाही.

ती पोकळी लोक आपापल्या परीने भरतात. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता घेतल्यावर चिन लोक सीमा ओलांडून मिझोराममध्ये आले. त्यांना रोखा, असं केंद्राने ईशान्येच्या राज्यांना कळवलं. मिझोरामच्या सरकारने आणि जनतेने ते ऐकलं नाही. चर्च, गावं, घरं उघडली गेली. कारण चिन आणि मिझो एकमेकांचे भाऊबंद. कुणाची भीती साधार आहे, हे तिथेही कुणी तपासलं नव्हतं.