खासगीचा पैसा: अहिल्याबाईंचा धर्म आणि घर

श्रावण वद्य चतुर्दशीला अहिल्याबाईंची पुण्यतिथी. शेजारच्या माळवी घरांत हीच तिथी भाद्रपदात पडते, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. इंदूरच्या मराठी माणसाला याची सवय आहे. पालखी निघते, भाषणांत काशी आणि सोमनाथ येतात. त्या देवळांना पैसा कुठून आला, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. दौलतीचा पैसा फौजेला आणि कारभाराला. खासगी ही घरच्या बाईची. १७३४ मध्ये पेशव्यांकडून मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर मिळाली. सासूमागून ती सुनेकडे आली. अहिल्याबाईंचा दानधर्म चालला तो मुख्यतः या पैशावर. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ १७८० चं. सरकारी तिजोरीला हात न लावता देवाचं करायचं, ही शिस्त मला देवळांच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

घराचं कर्तव्य याहून अवघड गेलं. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या काळच्या रूढीप्रमाणे पतिव्रतेचा धर्म म्हणजे सती जाणं, आणि त्या निघाल्याही होत्या. मल्हाररावांनी गळ घातली, म्हातारपणी मला कोण, आणि सून मागे फिरली. धर्म दोन्हीकडे होता. त्यांनी जित्या माणसांचा धरला. पुढे १७६६ मध्ये आलमपूरला सासरे गेले, तिथे त्यांनी छत्री बांधली. वर्षभरात मुलगा मालेरावही गेला. मग महेश्वरला गादी नेऊन कारभार हाकला, हुकमावर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’.

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईंचा मुलगा आधीच गेला होता. आता आईने लेकीला विनवलं, पण लेक ऐकली नाही. सासऱ्याचा शब्द पाळून जगलेल्या बाईला नर्मदेकाठी लेकीची चिता पाहावी लागली. पालखीच्या दिवशीच्या भाषणांत हे क्वचितच येतं.

होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झालं. खासगीच्या देवळांसाठी आणि घाटांसाठी १९६२ मध्ये ट्रस्ट झाला. त्याच्या मालमत्तांवरून वाद कोर्टात गेला, आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी ट्रस्ट हा सार्वजनिक न्यास ठरवून मध्य प्रदेशच्या न्यास कायद्याखाली त्याची नोंदणी करायला सांगितली.