अपुऱ्या दिवसांची बाळं आणि बेळगावचं संशोधन

बेळगावच्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोचं नाव देवीच्या लशीवरून पडलं. देवीनिर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून सुकवलेली लस बनवणारी देशात चार केंद्रं होती: गिंडी, हैदराबाद, पटवाडांगर आणि आपलं बेळगाव. मे १९७५ नंतर भारतात देवीचा नवा रोगी सापडला नाही. आज तिथं सकाळी फिरायला जाणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

त्यानंतरचा अध्याय सुरू झाला २००१ मध्ये. माता आणि बालकांच्या आरोग्यावर अनेक देशांत एकाच वेळी संशोधन करणारं जाळं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीनं उभं राहिलं आणि बेळगावातल्या केएलई या शिक्षणसंस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यात आलं. वेगळेपण असं की हे काम मोठ्या दवाखान्यात बसून झालं नाही. ते प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतल्या गावांत, नर्सबाईंच्या हातून झालं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी जिल्ह्यातल्या १,६२० बायकांवर झाली. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

बाळांच्या बाबतीत २०१० चा एक निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. बेळगावसह सहा देशांतल्या गावांत बाळंतपण करणाऱ्यांना नवजात बाळाच्या काळजीचं प्रशिक्षण दिलं गेलं, तेव्हा मृत जन्मांचं प्रमाण हजारी २३ वरून सुमारे १६ वर आलं. पहिल्या आठवड्यातले मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत. म्हणजे 'मेलेलंच जन्मलं' म्हणून बाजूला ठेवलेल्या काही बाळांना अंग पुसून, पाठ चोळून, पिशवीनं श्वास देऊन जगवता आलं असतं. अशी किती बाळं कुठल्याही नोंदीत न येता गेली असतील, या विचारानं आजही जीव कासावीस होतो.

सगळ्यात मोठा धडा मात्र फसलेल्या चाचणीनं दिला. दिवस भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यानं बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमधल्या १९७२ च्या अभ्यासापासून माहीत होतं. मग हेच इंजेक्शन गावपातळीवर का देऊ नये? सहा देशांत, जवळपास एक लाख बाळंतपणांत ते तपासलं गेलं. त्यात बेळगाव होतं आणि नागपूरही. निकाल उलटा लागला. ज्या भागांत इंजेक्शनांचा वापर वाढवला, तिथं २८ दिवसांच्या आतले मृत्यू हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाले, आणि आयांना जंतुसंसर्ग झाल्याचा संशयही वाढला. दिवस नेमके किती भरलेत हे गावात कळत नव्हतं, त्यामुळे गरज नसलेल्या कितीतरी बायकांना इंजेक्शन मिळालं. चांगल्या हेतूनं थेट धोरण आखलं गेलं असतं, तर ही हानी देशोदेशी पसरली असती आणि कुणाच्या ध्यानातही आली नसती. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अटी घातल्या: दिवसांची खात्रीशीर मोजणी हवी, आईला संसर्ग नको, आणि बाळंतपणाची व अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नीट काळजी घेण्याची सोय हवी.

त्या अटी पाळून चाचणी पुन्हा झाली, या वेळी पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत आणि सोनोग्राफीनं दिवस पक्के करून. बेळगाव याही वेळी सहभागी होतं. या वेळी फक्त दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बायकाच घेतल्या होत्या; इंजेक्शन न मिळालेल्या गटात २३.५ टक्के नवजात बाळं दगावली, तर इंजेक्शन मिळालेल्या गटात १९.६ टक्के. २०२० मध्ये हा निकाल छापून आला आणि २०२२ च्या जागतिक शिफारशींना त्याचा आधार मिळाला.

या ज्ञानासाठी आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी, कन्नड बोलणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्याही, आपली बाळंतपणं नोंदवू दिली. चाचणीचे निकाल त्यांना त्यांच्या भाषेत, ग्रामपंचायतीत आणि अंगणवाडीत सांगितले गेले पाहिजेत. शिवाय औषध सिद्ध झालं तरी दिवसांच्या खात्रीशीर मोजणीची अट कायम आहे, आणि खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यातल्या गरोदर बाईला त्यासाठीच्या सोनोग्राफीला भर पावसात खानापूर किंवा बेळगाव गाठावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांतली ही एक तपासणी तिच्या गावाजवळ आणणं, हे आता सरकारचं काम आहे.