ॲल्युमिनियमची सहसंबद्धता (सिलिका-ॲल्युमिना उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावरील)

ॲल्युमिनियमच्या एका अणूला किती ऑक्सिजन अणू थेट जोडलेले आहेत, ती संख्या म्हणजे त्याची सहसंबद्धता. सिलिका-ॲल्युमिनात, म्हणजे सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र ऑक्साइडात, ती चार, पाच किंवा सहा असते. तापवून कोरड्या केलेल्या पृष्ठभागावर ती काही ठिकाणी तीन इतकी कमीही मानली जाते. उत्प्रेरक किती आणि कसा अम्लधर्मी, हे बरेचसे यावर ठरते.

बेळगाव-खानापूर भागात ही गोष्ट मातीतूनच समजून घेता येते. जांभ्याच्या पठारांवरील बॉक्साइटमधल्या गिब्साइट या खनिजात प्रत्येक ॲल्युमिनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना बनते. त्यासाठी हायड्रेट, म्हणजे पाणी बांधलेले ॲल्युमिना, तापवले की पाणी निघून जाते. मधल्या टप्प्यावरच्या गॅमा ॲल्युमिनात काही अणू चार ऑक्सिजनांचे, काही सहांचे असतात. चिकणमातीतल्या केओलिनाइट या खनिजातही ॲल्युमिनियम सहाचाच. भट्टीत सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सियसला त्यातले बांधलेले पाणी सुटते आणि चार, पाच, सहा अशी सरमिसळ होते. कच्चे मडके पाण्यात ठेवले तर त्याचा चिखल होतो, भाजलेले तसेच राहते. त्यामागे हा बदलही आहे.

आता अम्लत्व. सिलिकॉन चतुःसंयुजी, ॲल्युमिनियम त्रिसंयुजी. सिलिकॉनच्या चार कोपऱ्यांच्या घरात, म्हणजे चार ऑक्सिजनांच्या चतुष्फलकात, ॲल्युमिनियम बसला की एक ऋणभार उरतो. तो फेडायला प्रोटॉन येतो आणि ब्रॉन्स्टेड अम्लस्थान, म्हणजे प्रोटॉन देऊ शकणारी जागा, तयार होते. ज्या ॲल्युमिनियमची एखादी जागा रिकामी आहे, तो इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारतो; ते लुइस अम्लस्थान. झिओलाइटसारख्या (सिलिकॉन-ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म छिद्रांच्या) स्फटिकात प्रोटॉन सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांना जोडणाऱ्या ऑक्सिजनवर असतो, हे स्पष्ट आहे. अस्फटिकी सिलिका-ॲल्युमिनात मात्र तसा खरा पूल असतो, की ॲल्युमिनियमच्या शेजारी असलेला सिलॅनॉल गटच (सिलिकॉनला जोडलेला OH) अम्लासारखा वागतो, यावर अजून वाद आहे. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक पटते. या पदार्थाचे अम्लत्व झिओलाइटपेक्षा सौम्य का, याचे उत्तर त्यात मिळते.

पेट्रोलसाठी जड तेलाचे भंजन करायला, म्हणजे त्याचे मोठे रेणू तोडायला, फ्रेंच अभियंता यूजीन हूड्रीने १९३०च्या दशकात अम्लप्रक्रिया केलेली माती वापरली. तिची जागा पुढे कृत्रिम सिलिका-ॲल्युमिनाने आणि १९६०च्या दशकात झिओलाइटांनी घेतली.

सहसंबद्धतेची मोजणी होते ती ॲल्युमिनियम-२७ च्या केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदनाने (NMR). निसर्गातला सगळा ॲल्युमिनियम याच समस्थानिकाचा आहे, ही मोठी सोय. चार ऑक्सिजनांचा संकेत साधारण ६०, पाचांचा ३० आणि सहांचा ० भाग प्रतिदशलक्षाच्या आसपास येतो (हे संकेताचे स्थान, प्रमाण नव्हे). मात्र विषम मांडणीतल्या अणूंचे संकेत इतके पसरतात, की कमी चुंबकीय क्षेत्रात ते दिसतच नाहीत; जणू तो ॲल्युमिनियम नमुन्यात नाहीच.

त्याहून मोठी गफलत पाण्यामुळे होते. खानापूरच्या पावसाळी हवेत नमुन्याची बाटली उघडी राहिली, तर पृष्ठभागावरचे रिकाम्या जागांचे अणू पाण्याचे रेणू जोडून घेतात आणि मोजणीत सहाचे दिसतात. म्हणून नमुना कोणत्या तापमानाला, किती वेळ वाळवला हे न सांगता दिलेल्या टक्केवारीला अर्थ नाही. काही झिओलाइटांत तर सहाचा झालेला अणू अमोनिया दिल्यावर पुन्हा चाराचा होतो.