अमार्ना पत्रे

इजिप्तचे फेरो आणि पश्चिम आशियातील राजे व मांडलिक यांच्यात इ. स. पू. चौदाव्या शतकात झालेला पत्रव्यवहार. मातीच्या ओल्या पाट्यांवर बोरूने खुणा दाबून लिहिलेली ही पत्रे मध्य इजिप्तमधील तेल एल-अमार्ना येथे सापडली. तिसरा आमेनहोतेप याच्या अखेरच्या वर्षांपासून त्याचा मुलगा अखेनातेन याच्या राजवटीच्या थोडे पुढपर्यंतचा, म्हणजे जेमतेम तीस वर्षांचा हा दप्तरखाना आहे. एकूण ३८२ पाट्या ज्ञात असून त्यांपैकी सुमारे ३५० पत्रे आहेत. उरलेल्या पाट्यांवर लेखनिकांच्या अभ्यासासाठीच्या शब्दयाद्या आणि कथा आहेत.

अखेनातेनने इथे वसवलेली राजधानी त्याच्यामागे लवकरच ओस पडली. जुन्या कच्च्या विटांची भुसभुशीत माती शेतात खत म्हणून टाकण्याची तिथे पद्धत होती. १८८७ मध्ये अशी माती उकरताना एका स्थानिक बाईच्या हाती या पाट्या लागल्या, असे सांगतात. इजिप्तच्या भूमीत बॅबिलोनियाची कीलाकार लिपी कुठून येणार, म्हणून काही जाणकारांनी त्या आधी बनावट ठरवल्या. तोवर कित्येक पाट्या फुटल्या, कित्येक विकल्या गेल्या. पुढे १८९१-९२ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी तिथे उत्खनन करून आणखी तुकडे मिळवले. ज्या इमारतीत हे दप्तर होते तिच्या विटांवर ‘फेरोच्या पत्रांची जागा’ असा शिक्का आहे. आज बहुतेक पाट्या बर्लिन, लंडन आणि कैरो येथील संग्रहालयांत आहेत.

भाषा जवळजवळ सर्वत्र अक्कडियन, म्हणजे बॅबिलोनियाची. ती ना फेरोची, ना कनानमधल्या (आजचा इस्रायल-लेबनॉन परिसर) मांडलिकांची. पण त्या काळी राज्याराज्यांतला व्यवहार तिच्यातच चाले. कनानचे लेखनिक मात्र मधेच एक तिरकी खूण करून आपल्या बोलीतला शब्द लिहीत. लेबनॉनच्या किनाऱ्यावरील बिब्लोसचा राजा रिब-हद्दा ‘मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा आहे’ असे लिहितो, तेव्हा अक्कडियन शब्दाशेजारी ‘किलुबी’ हा स्थानिक शब्द येतो. पुढे हिब्रूत पिंजऱ्याला ‘केलूब’ म्हणतात. त्या लेखनिकाच्या तोंडची बोली अशी एखाद्या शब्दात अचानक ऐकू येते.

इजिप्तच्या मंदिरांच्या भिंतींवर शेजारी दिसतात ते हात बांधलेले, फेरोच्या पायाशी. या पत्रांचे मोल असे की इथे तेच शेजारी स्वतः बोलतात. बॅबिलोनिया, मितानी (उत्तर सीरियातले राज्य), हत्ती (आजच्या तुर्कस्तानातले हिटाइटांचे राज्य), अ‍ॅसिरिया, अलाशिया येथील राजे फेरोला ‘भाऊ’ म्हणतात. बायकामुले, घोडे, रथ यांची खुशाली विचारतात आणि लगेच सोने मागतात. बॅबिलोनियाचा बर्नाबुरियाश तक्रार करतो की आलेले वीस मिना (एक मिना म्हणजे सुमारे अर्धा किलो) सोने भट्टीत घातले तर पाच मिनाही निघाले नाही. अ‍ॅसिरियाचा अश्शुरउबल्लित लिहितो, तुमच्या देशात सोने धुळीसारखे पडले आहे. मग माझ्या दूतांना उन्हात उभे करून का मारता? बॅबिलोनियाच्याच कादाश्मान-एनलिल राजाने इजिप्तची राजकन्या मागितली तेव्हा ‘आमची मुलगी कुणालाही देत नाहीत’ असे उत्तर गेले. त्यावर तो म्हणतो, एखादी देखणी बाई तुमची मुलगी म्हणून पाठवा. ती राजकन्या नाही असे कोण म्हणणार?

सर्वांत हृद्य पत्रे मितानीचा राजा तुश्रत्त याची. त्याची मुलगी तादुखिपा इजिप्तला दिलेली होती. आमेनहोतेपने त्याला भरीव सोन्याचे पुतळे कबूल केले होते आणि ते ओतताना मितानीच्या दूतांनी डोळ्यांनी पाहिले होते. अखेनातेनने पाठवले ते सोन्याचा पत्रा चढवलेले लाकडी पुतळे. तुश्रत्तने मग थेट राजमाता तिये हिलाच लिहिले: तुमच्या नवऱ्याचे आणि माझे काय बोलणे झाले, ते तुम्हालाच ठाऊक आहे. त्याच्या एका पत्रावर इजिप्तच्या कारकुनाने शाईने पोच लिहून ठेवली आहे. तिच्यातले वर्ष २ की १२, यावरून बापलेकांनी एकत्र राज्य केले का, हा वाद अभ्यासकांत आजही आहे.

मितानीची प्रजा हुरियन भाषा बोलणारी. तुश्रत्तचे सुमारे पाचशे ओळींचे एक पत्र हाच त्या भाषेच्या उलगड्याचा मोठा आधार ठरला. पण राजांची नावे भारतीय-आर्य वळणाची आहेत. हत्तीच्या राजधानीत सापडलेल्या मितानीच्या एका तहात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य हे देव साक्षीला आहेत. घोड्यांच्या शिकवणीवरच्या तिथल्याच ग्रंथात मितानीचा किक्कुली ‘ऐक, तेर, पंझ, सत्त, न’ असे आकडे वापरतो. एक, तीन, पाच, सात, नऊ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाहीत.

मांडलिकांचा सूर निराळा. ‘राजाच्या, माझ्या सूर्याच्या पायाशी मी सातदा आणि सातदा लोळण घेतो’ अशी सुरुवात, आणि पुढे शेजाऱ्याची चुगली. रिब-हद्दाची एकट्याची साठाहून अधिक पत्रे आहेत. शेजारच्या अमुरू राज्याचा अब्दी-अशिर्ता गावे गिळतो आहे, सैन्य पाठवा, धान्य संपले; शेत कसायला कुणी नाही, ते नवऱ्यावाचून राहिलेल्या बाईसारखे झाले आहे. फेरोने उलट विचारले, सगळ्या मांडलिकांत तूच एवढी पत्रे का लिहितोस? मदत काही आली नाही. शेवटी भावानेच त्याला बिब्लोसबाहेर काढले.

अलाशिया नेमके कुठे, हा प्रश्न शंभर वर्षे चघळला गेला. अलीकडे तिथल्या राजाच्या पाट्यांची माती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा ती सायप्रसमधल्या त्रूदोस डोंगरांच्या पायथ्याची निघाली. तांबे पाठवणाऱ्या त्या राजाचा पत्ता मजकुरात नव्हता, पाटीच्या मातीत होता.